चुकचुकते ती कोण? गॅलरीच्या भिंतीची वही

२ मार्च

कारण आधी लिहून ठेवतो, नंतर आठवत नाही. काल सोसायटीच्या पुनर्विकासाची बैठक आमच्या हॉलमध्ये झाली. बिल्डरचा माणूस म्हणाला, "अठरा महिन्यांत ताबा." त्याचं वाक्य संपतंय तोच गॅलरीतून पाल चुकचुकली. शेजारच्या वहिनींनी टेबलावर बोटं टकटकवत "कृष्ण कृष्ण" म्हटलं, बाकीचे हसले, बिल्डरचा माणूस सोडून.

सगळे गेल्यावर गॅलरीत पाहिलं तर ट्यूबजवळ एक जाडजूड पिवळट पाल. हिने विचारलं, "हीच का ती बोलली?" मला सांगता येईना. एकतीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये काढली. कुठलं मशीन कुरकुरतंय ते पाठ करून उभा असलो तरी सांगायचो. आणि स्वतःच्या घरात चुकचुकतं कोण, ते माहीत नाही!

तर हा प्रकल्प. सामान: दोनशे पानी वही, टॉर्च, काचेवर चिकटवायला लाल जिलेटीन, मुलाचा जुना मोबाइल. व्हर्नियरही काढून ठेवलं आहे. सवय.

३ मार्च

गॅलरीची भिंत ३.६ मीटर रुंद, २.७ मीटर उंच. दर ३० सेंटिमीटरवर पेन्सिलीचा ठिपका दिला. आडवे क ते ठ धरले (ङ आणि ञ सोडून दोन अक्षरं कमी पडली, ती ड आणि ढ), उभे १ ते ९. ट्यूब ज-८ ला येते. भिंतीवर रेघोट्या म्हणजे घरात महाभारत, असं वाटलं होतं. पण ही म्हणाली, "पाडायचीच आहे ना बिल्डिंग, मारा काय मारायच्या त्या."

६ मार्च

रात्री ८ ला चार, ९.३० ला सहा, ११ ला तीन. सहाही एकाच जातीच्या नाहीत हे तिसऱ्या रात्री लक्षात आलं. इतकी वर्षं "पाल" म्हणून एकच शब्द वापरला की डोळेही एकच बघतात.

१२ मार्च

भाची प्राणिशास्त्र शिकते. फोटो पाठवले, तिने नावं सांगितली, मी वाचून ताडून पाहिली.

मोठी ती हेमिडॅक्टिलस फ्लॅविव्हिरिडिस. लॅटिनमध्ये फ्लावस म्हणजे पिवळा, विरिडिस म्हणजे हिरवा. १८३५ साली र्‍युपेल या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने तांबड्या समुद्राकाठच्या मसावाहून आणलेल्या नमुन्यावरून तिला नाव दिलं. पोटाला खरंच पिकत चाललेल्या लिंबासारखी झाक आहे. कातडी गुळगुळीत, शेपूट चपटसर, डोकं रुंद. ग्रिडवरून मोजलं तर सर्वांत मोठीचं नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं धड साडेआठ सेंटिमीटर भरलं.

लहान ती हेमिडॅक्टिलस फ्रिनेटस. तिचं नाव १८३६ चं, नमुना जावा बेटावरचा. फ्रिनेटस म्हणजे लगाम घातलेला. नाकपुडीपासून डोळ्यातून मागे जाणारी गडद रेघ असते, तिच्यावरून. रात्री दिव्याखाली ही रेघ फिकी पडते, त्यामुळे लगामावर विसंबू नये. शेपटीवर बघावं: बारीक काट्यांचे आडवे वेढे असतात. आमच्या भिंतीवर धड पाच-साडेपाच सेंटिमीटर, त्यापुढे नाही.

हेमिडॅक्टिलस म्हणजे अर्धं बोट. त्याचं कोडं आज सुटलं नाही.

२३ मार्च

सुटलं. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच हे या घरातलं सर्वांत उत्तम उपकरण निघालं. पाल बाहेरच्या बाजूने, दिवा आत, मी आत. तिचं पोट माझ्या नाकापासून वीतभर.

बोटाचा तळचा अर्धा भाग पसरट गादीसारखा, त्यावर आडव्या पट्ट्या दोन-दोन ओळींत, मधे भांग पाडल्यासारख्या. वरचा अर्धा भाग एकदम बारीक होऊन गादीच्या वर उचललेला आणि टोकाला नखी. म्हणून अर्धं बोट. खडबडीत भिंतीवर नखी, काचेवर गादी.

पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. आग्नेय आशियातल्या टोके पालीच्या एका पावलावर असे सुमारे पाच लाख केस मोजले गेले आहेत, प्रत्येक माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका जाड आणि टोकाला शेकडो फाटे. केलर ऑटम या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २००० साली अशा एकेका केसाची ओढ मोजली. ही पकड डिंकाची नाही, हवेच्या पोकळीचीही नाही; २००२ साली त्यांनी दाखवलं की ती पाण्याच्या थराचीही नाही. फाटे पृष्ठभागाला इतके जवळ भिडतात की रेणूंमधलं साधं आकर्षण पुरतं. मला हे वाचून हसू आलं. टूलरूममध्ये दोन स्लिप गेज (मापं तपासायचे गुळगुळीत पोलादी ठोकळे) स्वच्छ पुसून एकमेकांवर सरकवत दाबले की चिकटतात, उचलले तरी सुटत नाहीत. नव्या पोराला पहिल्या दिवशी हीच जादू दाखवायचो. तिथे तेलाच्या पातळ थराचाही हात असतो, पण तोंडवळा तोच: दोन पृष्ठभाग पुरेसे जवळ आणले की झालं. आणि गेज सुटवायचे तर ओढायचे नाहीत, सरकवायचे. पालही पाऊल ओढत नाही. बोटाचं टोक आधी वर वळवते आणि पोळी तव्यावरून सोडवावी तसं मागे सोलत आणते. मोबाइलवर सावकाश चालवून पाहिलं, दर पावलाला हेच.

आजची पाल मोठ्या जातीची मादी. पोटात दोन अंडी स्पष्ट दिसत होती, कातडीतून दोन पांढऱ्या गोळ्या. गळ्याच्या दोन्ही बाजूंनाही पांढरट फुगवटा. तो चुन्याचा साठा, कवचासाठी साठवलेला. मला तो आजार वाटला होता.

२४ मार्च

त्याच काचेवर नर. मोठ्या जातीच्या नराच्या मांडीखाली मेणाचे ठिपके असावेत तशी छिद्रं, दर मांडीला सहा. लहान जातीच्या नराला हीच ओळ एका मांडीपासून दुसरीपर्यंत सलग, तिशीच्या घरात. म्हणजे काचेवर आली की जात आणि नर दोन्ही एका नजरेत. हिने डबा भरायला दिवा लावला तेव्हा मी काचेला नाक लावून उभा. "शेजारी बघतायत," एवढंच म्हणाली.

३ एप्रिल

मोठ्या तीन आणि लहान चार अशा सात पाली आता ठराविक आहेत. पण फोटोत रोज ओळख पटवणं अवघड. नेलपॉलिश आणलं. लांब काठीला कुंचला बांधून ज-७ वरच्या मोठीच्या पाठीवर लाल ठिपका दिला. ती पंखा सुटल्यासारखी पळाली, पण ठिपका बसला.

५ एप्रिल

भाची फोनवर: "मामा, तू तिला नेलपॉलिश लावलंस? त्यात काय काय असतं माहितीये? आणि लाल? पिंगळ्याला पत्रिका पाठवलीस तू." वेताळ टेकडीकडून येणारं पिंगळ्याचं जोडपं समोरच्या गुलमोहोरावर बसतं हे खरं. लाज वाटली. पुन्हा असं करणार नाही.

९ ते १८ एप्रिल

मोरपिसाची चाचणी. वहिनी म्हणतात मोरपीस लावलं की पाल येत नाही. ट्यूबशेजारी तीन मोरपिसं लावली, दहा रात्री ९.३० ला मोजणी केली. आधीच्या दहा रात्री: ५, ६, ६, ४, ७, ६, ५, ६, ६, ५. मोरपिसासकट: ६, ५, ७, ६, ६, ५, ६, ७, ५, ६. चौथ्या रात्रीपासून एक लहान पाल दिवसाही मोरपिसाच्या मागेच राहायला गेली. अंड्याच्या टरफलांची चाचणी करायची नाही असं ठरवलं. गॅलरीत मुंग्या होतील.

२१ एप्रिल

ठिपकेवाली आज दुपारी माळ्याच्या कडेला दिसली, राखेत लोळल्यासारखी पांढुरकी. कात सुटायला आली होती. थोबाडापासून सुरुवात. भिंतीला गाल घासला, ओठाची कडा उलटी झाली, मग पुढच्या पायाचं कातडं दातात धरून हातमोजा काढावा तसं बोटाबोटाने ओढलं आणि गिळलं. पाठीवरचा तुकडा सुटायला वीस मिनिटं लागली. त्याच्यावर माझा लाल ठिपका होता. तोही गिळला.

म्हणजे नेलपॉलिशची खूण अठरा दिवस टिकली. पालीच्या अंगावर लिहिलेलं काही टिकत नाही हे आधी सुचायला हवं होतं. आता ओळख शेपटीवरून: कुणाची तुटकी, कुणाची वाढती, कुणाची मूळची.

२७ एप्रिल, गुरुवार

दुरुस्तीसाठी वीज नाही, रात्री ९ पर्यंत. ट्यूब बंद. भिंतीवर एकच पाल. टॉर्चने खाली बघितलं तर बाकीच्या जिन्याच्या खिडकीत, रस्त्यावरच्या दिव्याकडे तोंड करून. पाल दिव्याला येत नाही, दिव्याला आलेल्या किड्यांना येते.

२ मे

देवघराच्या वरच्या तसबिरीमागे दोन अंडी, अगदी गोल, खडूसारखी पांढरी, एकमेकांना टेकलेली. हात लावला नाही. शेजारी पट्टी धरून फोटो काढला: १३ मिलिमीटर. मोठ्या जातीची. भाचीच्या म्हणण्याप्रमाणे लहान जातीचं अंडं ९-१० मिलिमीटरच्या आसपास असतं. सरड्याचं अंडं चामड्यासारखं मऊ असतं आणि त्याला ओली माती लागते. यांचं कवच कोंबडीसारखं टणक, म्हणून तसबिरीमागचा कोरडा कोपरा चालतो. आई परत येत नाही, राखण करत नाही.

हिला सांगितलं. आता रोज उदबत्ती दोन इंच लांबून लावली जाते.

१० जून

पहिला मोठा पाऊस संध्याकाळी. साडेसातला वाळवीचे पंखवाले किडे निघाले, ट्यूबखाली नुसता पाऊस. हिने दारं लावली, हॉलमधले दिवे बंद केले. मी रेनकोट घालून गॅलरीत.

भिंतीवर अकरा पाली! इतक्या राहतात कुठे? मोठ्या तिघी ज-८ च्या भोवती, एकमेकींपासून हातभर अंतर राखून. ठिपकेवालीच्या (ठिपका नाही, नाव राहिलं) तोंडातून एकाच वेळी चार पंख बाहेर. ती आता झडप घालत नव्हती, तोंड उघडून नुसती थांबत होती. गिळताना डोळे आत ओढले जातात. पापण्या नाहीत, डोळ्यावर काचेसारखं पारदर्शक कातडं. एक पंख तिथे चिकटला तर जीभ बाहेर काढून डोळा पुसला आणि जिभेवरचा पंखही खाल्ला. लहान पाली कडेला, क आणि ढ च्या रांगांमध्ये. मधे यायला बघणारीला मोठीने दोनदा पिटाळलं. पावणेनऊला सगळ्यांची पोटं नगाऱ्यासारखी. सकाळी केरसुणीने सव्वा किलो, नाही, उगाच काय लिहायचं. सूपभर पंख निघाले.

११ जून

कालच्या दृश्यावरून एक वाचायला मिळालं. आपली ही लहान, कडेला सरकवलेली पाल पॅसिफिक बेटांवर जहाजांतून पोहोचली आणि तिथे हीच दादा झाली. फिजी-हवाईकडे आधीपासून राहणाऱ्या एका पालीच्या जातीत फक्त माद्या असतात आणि नराशिवाय अंडी घालतात. तिला हिने दिव्यांच्या भिंतींवरून पिटाळलं. दिवा असला की किडे एका जागी जमतात आणि ती जागा जी पटकन बळकावते ती जिंकते. तिकडे बळकावणारी ही, आमच्या कोथरूडच्या गॅलरीत हिच्यापेक्षा मोठी बसलेली. कुणाची दादागिरी कुठे चालेल ते समोर कोण आहे त्यावर.

१८ जून

तसबिरीमागचं एक अंडं फुटलं. सत्तेचाळीस दिवस. पिल्लू शेपटीसकट जेमतेम पाच सेंटिमीटर, डोकं अंगाला मोठं. कवचाचा तुकडा तसबिरीच्या काचेवर पडला होता, ही तो प्रसादासारखा उचलून कुंडीत ठेवून आली. दुसरं फुटलं नाही, नंतर आत काळं दिसलं.

२९ जून

सापडली! रात्री १०.५० ला ठ-५ वर लहान जातीचा नर, समोर दुसरा लहान नर. पहिल्याने शेपूट डावी-उजवीकडे हलवली, पाठ कमान केली आणि गळा धडधडला: चुक् चुक् चुक् चुक् चुक्, शेवटचे दोन मंदावत. लाल जिलेटीनच्या टॉर्चमध्ये गळा हलताना आणि आवाज एकत्र, संशयाला जागा नाही. दुसरा मागे फिरला. दहा मिनिटांनी पुन्हा तेच, या वेळी समोर कुणी नव्हतं.

मोठ्या तिघींकडून चार महिन्यांत एकदाच बारीक टिकटिक ऐकली, तीही दोन नर एकमेकांचा जबडा धरून बसले असताना. म्हणजे १ मार्चला बोलला तो ट्यूबजवळचा जाडजूड प्राणी नव्हेच. तो कडेच्या अंधारात बसलेला, लगामवाला, बोटाएवढा. "शंकेची पाल चुकचुकली" म्हणतो तेव्हा खरं तर एक नर दुसऱ्याला सांगत असतो: ही भिंत माझी आहे.

हिला उठवून सांगितलं. "बिल्डरला सांगा," म्हणाली आणि कूस वळली.

जुलै

पाऊस, नोंदी कमी. मोजणी ५ ते ८. लहान पालींपैकी दोघींच्या बोटांच्या बेचक्यात लाल दाणे; गोचिडांचे भाऊबंद, पालींवरच जगणारे. वहीला बुरशी.

१४ ऑगस्ट

सकाळी पार्किंगमध्ये आरडाओरडा, "मण्यार, मण्यार!" वॉचमनच्या हातात काठी. तपकिरी साप, पांढरट पट्टे, मीटरच्या पेटीखाली वेटोळं. मी लांबून पाहिलं. पट्टे मानेजवळ ठळक, शेपटीकडे विरत गेलेले. मण्यारीचं उलट असतं, मानेजवळ नसतात, शेपटीकडे दाट होतात. हा कवड्या, बिनविषारी. तरी ओळख पटली म्हणून हात घालायचा नाही, चुकण्याची किंमत फार आहे. सर्पमित्राला बोलावलं, त्याने एका नजरेत "कवड्या" म्हटलं आणि पिशवीत घेतला. कवड्याचं मुख्य अन्न पाली. घरांत शिरतो तो त्यांच्यामागे. म्हणजे माझ्या भिंतीचा गिऱ्हाईक. त्याने गेल्या आठवड्यात काय नेलं ते कळायला मार्ग नाही, पण छ-२ च्या फटीतली लहान पाल ८ तारखेपासून दिसत नाही.

६ सप्टेंबर

माझ्या हातून वाईट झालं. गॅलरीचं दार ओढलं, बिजागरीत एक लहान पाल होती. ती सुटली, शेपूट राहिली. तीन मिनिटं वीस सेकंद शेपूट उडत होती, मी घड्याळ लावून मोजलं आणि मोजताना स्वतःचा राग आला. रक्त फक्त एक थेंब. शेपटीच्या मणक्यांतच तुटण्याच्या तयार खाचा असतात, दोन मणक्यांच्या मधे नाही तर एका मणक्याच्या आत.

२८ सप्टेंबर

तीच पाल. थोट्याला गडद शंकू, अंदाजे ८ मिलिमीटर.

२२ ऑक्टोबर

शेपूट पुष्कळशी आली. काट्यांचे वेढे नाहीत, रंग एकसारखा. आत हाडाऐवजी कूर्चेची दांडी. नव्या भागाला तुटायच्या खाचा नसतात; पुढच्या वेळी तुटेल ती आणखी वरून, शिल्लक राहिलेल्या जुन्या मणक्यांत. टूलरूममध्ये याला रीवर्क म्हणतात. काम भागतं, ड्रॉइंगप्रमाणे नसतं.

२६ ऑक्टोबर

सोसायटीने जिन्यातली ट्यूब काढून एलईडी लावला (पाडायच्या बिल्डिंगला! विचारू नका). जिन्यातली मोजणी ४ वरून १ वर. एलईडीत अतिनील जवळपास नसतं, किडे कमी येतात. विस्थापित तिघी माझ्या गॅलरीत आल्या असाव्यात, कारण आज नऊ.

२० नोव्हेंबर

थंडी. दोन रात्री शून्य. पेन्सिलीचे ठिपके तेवढे दिसतात. घर रिकामं करायची तारीख ३०.

२८ नोव्हेंबर

सामान बांधताना लोखंडी कपाट भिंतीपासून ओढलं. मागे, पत्र्याच्या दुमडीत, जुनी फुटकी कवचं सात आणि दोन अखंड अंडी. टॉर्च धरल्यावर आतून गुलाबी झाक. जिवंत. काढावी की ठेवावी? भाची म्हणाली, "फिरवू नकोस, असतील तशी राहू दे. जगभर अशाच तर गेल्यात त्या." कपाट उभंच न्यायचं असं हमालांना सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

३० नोव्हेंबर

वारजे, भाड्याचा फ्लॅट, नववा मजला. गुळगुळीत भिंती, सगळीकडे एलईडी. रात्री ९.३०: शून्य.

८ डिसेंबर. शून्य.

१५ डिसेंबर. शून्य. अंडी जागेवर.

२३ डिसेंबर

एक अंडं फुटलेलं. कवच जवळजवळ अर्धगोल, स्वच्छ. व्हर्नियर या प्रकल्पात पहिल्यांदा वापरलं: ९.२ मिलिमीटर. म्हणजे लहान जात, चुकचुकणारी. पिल्लू कपाटामागे नाही, पडद्यामागे नाही, गादीखालीही पाहिलं. ही पलंगावर पाय वर घेऊन बसली आहे. दुसरं अंडं अजून बंद.